पाणघोड्याचा डावा डोळा

४ मार्च, सोमवार

दोऱ्याच्या कंपनीने दुकानात वाटलेली ही डायरी दोन महिने कपाटात कोरी पडून होती. आजपासून लिहायचं ठरवलं. घरात माणसं आहेत, पण बोलणारं कुणी नाही. हे पंपाचे मिस्त्री. पंप बिघडला की त्याला कान लावून बसतात, बायको बिघडली की वर्तमानपत्र उघडतात. दुसरी बटण. बटण म्हणजे यांची मुलगी, आता सात वर्षांची होईल. खरं नाव चांगलं भारदस्त आहे. पण पोरगी गोल, छोटी आणि सारखी कुठून तरी सुटून गडगडत जाणारी, म्हणून माझ्या मनात तिचं नाव बटण.

मी या घरात आले त्याला वर्ष उलटून गेलं. बटणाची आई ती तीन वर्षांची असताना तापाचं निमित्त होऊन गेली, एवढंच मला ठाऊक आहे. लग्नाआधी माझी आई म्हणाली होती, "दुसरीने पहिलीची चौकशी करू नये. सांगतील ते ऐकावं, नाही सांगितलं तर कामाला लागावं." मी कामाला लागले. दिवसभर दुकानात लोकांच्या पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, जाड झालेल्यांचे कपडे उसवून सैल करायचे, आणि संध्याकाळी हे घर.

बटण मला कशानेच हाक मारत नाही. नणंदबाईंनी 'आई म्हण' म्हणून सांगून पाहिलं. मी म्हटलं, मावशी म्हण, काकू म्हण, काहीही चालेल. काहीच नाही. काही हवं असलं की जवळ येते आणि माझी बाही ओढते. खोलीच्या त्या टोकाला असली तरी उठून येते. लांबून हाक मारायची तर शब्द लागतो, आणि तो तिच्याकडे नाही.

आज शाळेत त्यांना चित्र काढायला सांगितलं होतं, 'मी सुट्टीत कुठे गेले'. बाकीच्या पोरांनी समुद्र काढले, डोंगर काढले, पाळणे काढले. आमच्या बाईसाहेबांनी पंपघर काढलं. मधोमध पंप, शेजारी उकिडवे बसलेले हे, कोपऱ्यात तिचा खाऊचा डबा. मी चित्रात नाही. गेल्या सुट्टीत मी दुकानातच होते, तेव्हा चित्र खोटं नाही. तरी बराच वेळ बघत बसले.

ठरवलं. या सुट्टीत तिघांनी मिळून थीम पार्कला जायचं.

९ मार्च, शनिवार

सकाळी चहाच्या वेळी विषय काढला. शहराबाहेरचा तो मोठा पार्क, तळ्याभोवतीच्या घसरगुंड्या, पाळणे, सगळं रंगवून सांगितलं. हे म्हणाले, "ऊन फार असतं." मी म्हटलं, नऊला निघू, दुपारी सावलीत बसू. "गर्दी असते." आपणही त्या गर्दीतलेच, आपल्यासाठी कुणी गर्दी कमी करणार नाही. "त्या पाण्यात औषध घालतात. कातडीला खाज सुटते." मग पाण्यात नका उतरू. यावर हे बशी उचलून आत गेले.

नाही म्हणत नाहीत हा खरा त्रास. नाही म्हणाले असते तर भांडले असते. भिंतीवर डोकं आपटता येतं, कापसाच्या ढिगावर काय आपटणार?

दुकानात माझ्याशेजारी काजं करणारी बाई बसते. तिची तीन लग्नाची पोरं आणि एक रिटायर नवरा. ती म्हणाली, "पुरुषाला जागा नको नसते गं, जागचं हलणं नको असतं. तू नुसती मागे लागून राहा. पाणी दगडाला भोक पाडतं." यांच्या बाबतीत पाण्याची उपमा द्यायला नको होती. आयुष्यभर पाणीच वर चढवतात, त्यांना कसलं भोक पडतंय.

१४ मार्च, गुरुवार

बटणाच्या डोळ्यांचं लिहायचं राहिलं. तिची एक विचित्र सवय आहे. हे कामाला निघाले की ती दारात उभी राहते, डाव्या डोळ्यावर तळहात ठेवते, मग तोच हात छातीवर दोनदा थोपटते. झोपायला जाताना पुन्हा तसंच. हे नुसती मान हलवतात. मला वाटलं, डाव्या डोळ्याने नीट दिसत नसावं. असल्या गोष्टी बापांच्या लक्षात येत नाहीत. म्हणून आज अर्धा दिवस रजा टाकून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फळ्यावरची अक्षरं वाचून घेतली, बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले, "डोळे ठणठणीत आहेत. सवय असेल."

घरी आल्यावर मी तिला शांतपणे समजावलं, "असा डोळ्याला हात लावू नये. हाताची घाण डोळ्यात जाते." तिने माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

यांना सांगितलं तर पाना पुसता पुसता थांबले. "तिला काय म्हणालीस?"

"घाण जाते म्हटलं. आणि काय म्हणणार?"

"डॉक्टर काय म्हणाले?"

"डोळे चांगले आहेत म्हणाले."

"चांगलेच आहेत," हे म्हणाले, आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले. इतकं चांगलं ऐकून माणूस खूश होतो. आमच्याकडे सगळं उलटं.

१७ मार्च

बटणाची सवय सुटली. हे निघाले की आता दारात उभी राहते, पण हात पाठीमागे. कपडा असो की माणूस, सुरकुती वेळेवर काढली तर निघते.

२२ मार्च, शुक्रवार

दुकानात येणाऱ्या एका बाईंकडून पार्कचं रंगीत पत्रक मिळालं. जेवणाच्या टेबलावर मुद्दाम पसरून ठेवलं. त्यात मध्ये गेटवर उभा असलेला एक निळा पाणघोडा, लाल बंडी घातलेला. म्हणजे पाणघोड्याच्या पोशाखातला माणूस. भोवती पोरांचा घोळका. बटणाने त्याच्या पोटावर बोट ठेवलं आणि काढेचना.

"याला बोलायला बंदी असते," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"माहितीये."

"जायचं आपण याला बघायला?"

तिने माझ्याकडे न बघता जोरात मान हलवली. इतकी जोरात की केसातली पिन उडाली. मी यांच्याकडे बघितलं. हे उठून मोरीत कप विसळत होते. तो कप धुतलेलाच होता, मी स्वतः पालथा घातला होता.

"अहो, ऐकलंत ना? आता पोरगीच म्हणतेय."

"तुम्ही दोघी जा."

"दोघी नाही. तिघं."

कप पुसला, पुन्हा विसळला. मला खरंच रडू आलं. मी काही सोन्याच्या बांगड्या मागत नव्हते. एक दिवस मागत होते.

२६ मार्च

नणंदबाईंचा फोन. बहुतेक यांनीच त्यांच्या कानावर घातलं असणार. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, "त्या पार्कचा हट्ट सोड गं. त्याला ते सोसवत नाही."

"काय सोसवत नाही?"

"तो सांगेल तेव्हा सांगेल. मी सांगणं बरं नव्हे."

आता सगळा उलगडा झाला. यांना चक्कर येते! उंच पाळण्यात डोकं गरगरत असणार, आणि एवढ्या दणकट मिस्त्रीला ते बायकोला सांगायची लाज. काजंवाली म्हणाली, तिच्या नवऱ्यालाही होतं तसं, नुसत्या जिन्यावरून खाली बघितलं तरी घाम फुटतो. तिने गोळ्यांचं नाव सांगितलं. मी येताना पाकीट घेऊनच घरी आले. मन हलकं झालं. मला वाटत होतं, यांना माझ्याबरोबर कुठे जायचंच नाही.

३ एप्रिल, बुधवार

आज सरळ बोलले. बटण झोपल्यावर यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हटलं, "तुम्ही कशातही बसू नका. पाळण्यात नको, घसरगुंडीवर नको. नुसत्या पिशव्या धरून खाली उभे राहा. तुम्हाला काही होणार नाही, माझी जबाबदारी."

हे बराच वेळ हाताच्या रेघांत अडकलेलं काळं ग्रीस बघत होते. ते कधीच निघत नाही. मग म्हणाले, "तिला फार वाटतंय का?"

"तिला वाटतंय. पण खरं सांगू? तिच्याहून जास्त मला वाटतंय. पुढच्या वर्षी शाळेत चित्र काढायला सांगतील तेव्हा मला त्यात असायचंय."

बोलले आणि जीभ चावली. असलं मागून मिळत नसतं. पण यांनी वर बघितलं, या घरात आल्यापासून पहिल्यांदाच नीट बघितल्यासारखं.

"पिशव्या धरीन," हे म्हणाले.

जिंकले!

१४ एप्रिल, रविवार

कुठून सुरुवात करू? दिवस चांगला गेला असं लिहिणार होते, पण इथे खोटं लिहून कुणाला फसवायचं?

सकाळी सगळं नीट झालं. बसमध्ये यांना गोळी दिली. निमूट घेतली. पार्कच्या गेटवर तिकिटं तपासणारे एक म्हातारे गृहस्थ यांना बघून स्टुलावरून उठले आणि टोपी काढली. "आलात?" एवढंच म्हणाले. हे म्हणाले, "आलो." पंपाच्या मिस्त्रीला एवढा मान! कधी तरी इथला पंप दुरुस्त केला असणार. यांच्या ओळखी कुठे कुठे निघतात, मला काही सांगतील तर शपथ.

आणि आत शिरल्या शिरल्या तो पाणघोडा. चित्रात होता तसाच, लाल बंडी, मोठं उघडं तोंड, डुलत डुलत चालणारा. बटणाने माझा हात घट्ट धरला होता. पाणघोड्याने आमच्याकडे बघितलं, जाडजूड पंजा उचलून डावा डोळा झाकला आणि छातीवर दोनदा थोपटलं.

बटणाने माझा हात सोडला. जागच्या जागी उभी राहिली, आणि तिनेही तेच केलं. डोळा, छाती, छाती. मग धावत जाऊन त्याच्या पोटाला मिठी मारली, ती सुटेचना. मागून येणारी पोरं रांग लावून थांबली, त्यांचे आईबाप कुरकुरायला लागले, तरी सुटेना.

मी यांना म्हणायला वळले, "बघा, ही सवय हिला कुठून लागली ते. शाळेतली पोरं इथे येऊन गेली असणार, त्यांच्याकडून उचलली." तर हे तिथे नव्हते. कट्ट्यावर बसले होते, दोन्ही पिशव्या मांडीवर, चेहरा घामाने डबडबलेला. अजून एकाही पाळण्याजवळ गेलो नव्हतो! मी दुसरी गोळी काढली. तीही निमूट गिळली. "पाणी आणते," म्हटलं तर म्हणाले, "तिकडे मागे, भुताच्या घराच्या भिंतीला नळ आहे. तो गार असतो." होता.

त्यानंतर दिवसभर बटण पाणघोड्याच्या मागे. पाळण्यात बसायला नको, आगगाडी नको, आइस्क्रीम नको. तो मध्येच विश्रांतीला एका दारामागे जायचा, तेव्हा ती त्या दारासमोर उभी. मी एकटी आगगाडीत बसले, शेजारी अनोळखी आजोबा. फोटो काढणाऱ्याने विचारलं, "फॅमिली फोटो?" मी नको म्हटलं.

परतीच्या बसमध्ये बटण यांच्या मांडीवर झोपली. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मला राग येत होता. इतकं केलं मी. इतकं करून या दोघांचं त्या दोघांतच राहिलं.

१५ एप्रिल

कुणाशीही बोलले नाही. यांनीही जेवण टाकलं. चक्कर अजून उतरली नसेल.

२० एप्रिल, शनिवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

बटण दोन दिवस माझी बाही ओढत होती. तिला कापडाचा पाणघोडा हवा होता, डोक्यावर घालता येईल असा. दुकानातून निळ्या कापडाचे तुकडे आणले, आतून अस्तर, जबड्याला जाड कॅनव्हास. माझं काम मला येतं, डोकं छान उभं राहिलं. दुपारी बटण शेजारी खेळायला गेली होती. मी डोळ्यांच्या जागी खडूने खुणा केल्या आणि कात्री घेतली, बघायला भोकं हवीत ना.

"डोळे कापू नको," मागून हे म्हणाले. कामावरून कधी आले कळलंच नाही.

"मग पोरगी बघणार कुठून?"

"तोंडातून. डोळे नुसते रंगवलेले असतात. जबड्यात काळी जाळी लावायची, आतल्याला तिथून दिसतं."

"तुम्हाला काय माहीत?"

हे खाली बसले, कापडाच्या तुकड्यांत. आणि सांगायला लागले. यांचा आवाज मी इतका वेळ सलग कधी ऐकला नव्हता.

हे त्या पार्कमध्येच कामाला होते. तळ्याखालच्या पंपघरात, नऊ वर्षं. आणि बटणाची आई त्या पाणघोड्याच्या आत होती. पंपघर गार असायचं म्हणून विश्रांतीच्या वेळी ती तिथे यायची, ते भलं मोठं डोकं काढून बाकावर ठेवायची आणि घटाघटा पाणी प्यायची. तिथेच ओळख झाली. "आतून बोलायला बंदी," हे म्हणाले. "चेहरा दिसत नाही. मी गर्दीतून गेलो तर तिने मला बघितलं हे मला कळणार कसं? म्हणून तिने ते काढलं. तो रंगवलेला डोळा झाकायचा. म्हणजे, हा खोटा आहे. आणि मग छातीवर थोपटायचं. बघणारी इथे आत आहे. दिसलास मला."

पोरांना ते इतकं आवडलं की पोरं तसं करायला लागली. मग साहेबांनीच सांगितलं, पाणघोड्याने सगळ्यांना असंच करायचं. बटण झाल्यावर नणंदबाई तिला घेऊन गेटपाशी जायच्या. घरातून कामावर निघतानाही आई दारातून बटणाला तेच करायची. दिसलीस मला.

"तिकडे एक नियम आहे," हे म्हणाले. "आतला माणूस बदलला तरी पाणघोडा बदलता कामा नये. पोरांना कळता कामा नये. नव्या माणसाला जुन्याची चाल शिकवतात, मान कशी वळवायची ते शिकवतात. हात शिकवतात." यांनी एक निळा तुकडा उचलून त्याची घडी घातली. "ती गेल्यावर मी कामावर गेलो. गेटवर पाणघोडा उभा होता. मला बघितलं आणि त्याने ते केलं. नवीन पोरगा होता बिचारा, त्याला जसं शिकवलं तसं त्याने केलं. मी तसाच माघारी वळलो. पुन्हा गेलो नाही."

माझ्या हातात कात्री तशीच होती.

"पोरीला आई आठवत नाही," हे म्हणाले. "फोटो दाखवला तर कुणी तरी बाई आहे अशी बघते. एवढं एकच राहिलंय तिच्यात. कुठून आलं ते तिला माहीत नाही. ती मला करायची, मला परत करवायचं नाही. मान हलवायचो."

आणि मी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. घाण जाते म्हटलं. सुरकुती म्हटलं. वरती माझ्याच अक्षरात आहे ते.

"मला का नाही सांगितलंत?" मी म्हटलं. "मला थांबवायचंत तरी."

"तू तिचं बरंच करत होतीस. तुला काय म्हणून अडवू?"

२१ एप्रिल

रात्रभर झोप नाही. मला राग आला आहे, आणि तो मेलेल्या बाईचा आहे. मेलेल्या माणसाचा राग येतो का? येतो. तिने एका हाताने जे केलं ते मला वर्षभर डबे भरून, वेण्या घालून जमलं नाही. आणि राग आला म्हणून स्वतःची शरम वाटते आहे.

सकाळी बटणाला म्हटलं, "तू बाबांना ते डोळ्याचं करायचीस ना, ते कर हं. चालतं. घाण बिण काही जात नाही, माझं चुकलं." तिने ऐकून घेतलं. हे निघाले तेव्हा दारात उभी राहिली. हात पाठीमागेच.

२९ एप्रिल, सोमवार

अजून नाही करत. मी विषय काढत नाही. आपणच टाका घातला, तो उसवताना कापड फाटेल की काय अशी भीती वाटते. कापडाचा पाणघोडा पुरा करून दिला, जबड्यात जाळी लावून. ती डोक्यावर घालून घरभर फिरते. आत तिचा चेहरा दिसत नाही. बघते आहे की नाही, कळत नाही.

२ मे, गुरुवार

हे म्हणाले, "परत जाऊ या पार्कला."

माझ्या हातातली सुई बोटात घुसली. मी म्हटलं, "ऊन फार असेल आता."

"नऊला निघू. दुपारी सावलीत बसू."

"सुट्टीची गर्दी असेल."

"आपणही त्या गर्दीतलेच," हे म्हणाले. माझंच वाक्य माझ्याच पदरात. हा माणूस तेव्हा ऐकत होता तर!

मग मी खरं ते बोलले. "तुम्ही दोघं जा. ते तुमचं तिघांचं ठिकाण आहे. मी तिथे चौथी. मागच्या वेळी बळजबरीने घुसले, आता पुरे."

हे ऐकत बसले. पंपाचा आवाज ऐकताना बसतात तसे, मान जरा वाकडी करून. मग म्हणाले, "तिला सांगायला हवं तो हात कुणाचा आहे ते. तिथेच सांगायला हवं. चार वर्षं मला त्या रस्त्याला जाता आलं नाही. तू ओढून नेलंस म्हणून गेलो. एकट्याने मला जमायचं नाही."

मी सुई पुन्हा ओवायला घेतली.

"आणि पिशव्या कोण धरणार?" हे म्हणाले.

हसू आलं आणि त्याबरोबर बाकीचं सगळंही आलं. बराच वेळ रडले. यांनी पाठीवर हात ठेवला. ग्रीसचा वास येत होता.

१२ मे, रविवार

गेटवरचे म्हातारे गृहस्थ आज माझ्याशीही बोलले. "बरं केलंत बाई," म्हणाले. मी म्हटलं, मी काही केलं नाही, मी पिशव्यांची बाई आहे.

सकाळची वेळ, गर्दी कमी होती. पाणघोडा तळ्याच्या कठड्यापाशी उभा होता. मी मुद्दामच मागे राहिले, भुताच्या घराच्या भिंतीपाशी, त्या गार नळाजवळ. दोन्ही हातांत पिशव्या. तिथून ऐकू येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. हे बटणासमोर उकिडवे बसले, तिच्या चित्रातल्यासारखे. बोलायला लागले. बटण यांच्या तोंडाकडे बघत होती, मग पाणघोड्याकडे, मग पुन्हा यांच्याकडे. काही तरी विचारलं. यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं. यांनी खिशातून फोटो काढला, तो घरात कपाटात असतो तो. बराच वेळ दोघांची डोकी त्या फोटोवर वाकली होती. पाणघोडा शेजारी नुसता उभा. त्याला बोलायला बंदी, आणि सोडून जाववत नसावं.

मग बटण पाणघोड्याजवळ गेली, टाचा उंचावून त्याच्या उघड्या तोंडात डोकावली. आत कोण होतं देव जाणे. कुणाचा तरी मुलगा, कुणाची तरी मुलगी. त्याने पंजा उचलला आणि हळूच ते केलं. बटणाने केलं. आणि मग यांनी केलं. पहिल्यांदा. डोळ्यावर हात ठेवला तो लवकर काढलाच नाही.

मी नळाकडे तोंड फिरवलं. ते बघायचं माझं काम नव्हतं. पिशव्यांची ओझी झाली होती पण खाली ठेवाव्यात हे सुचत नव्हतं. मनात म्हटलं, झालं, ज्यासाठी आलो ते झालं, आता थोड्या वेळाने जाऊन विचारावं, भूक लागली का.

पुन्हा वळले तेव्हा बटण गर्दीत काही तरी शोधत होती. मान उंच करून, इकडे तिकडे. मला वाटलं, आइस्क्रीमची गाडी. मग ती थांबली, थेट माझ्याकडे बघून. आमच्यामध्ये अख्खा चौक होता, माणसं येत जात होती. तिने डावा डोळा झाकला आणि छातीवर दोनदा थोपटलं.

मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

तिने पुन्हा केलं.

पिशव्या हातातून कधी गेल्या कळलं नाही, पाण्याची बाटली घरंगळत गेली. मी हात उचलला. इतकी गडबडले होते की उजवाच डोळा झाकला. तर ती तिथूनच, त्या सगळ्या माणसांच्या डोक्यावरून, घसा फाडून ओरडली, "अगं, तो नाही! डावा!"

मी डावा झाकला.